बंबखान्यासमोरचा नमस्कार

आमच्या गावचा जुना बंबखाना पाडायचं नगरपालिकेत घाटत होतं. आगीचे बंब केव्हाच नव्या केंद्रात गेले होते. मागे राहिली होती ती दगडी इमारत, तिची उंच लाल दारं आणि ओले पाइप वाळत घालायचा मनोरा. एकदा बाजारातून परतताना दिसलं, की आमच्या आळीतल्या सुमनताई त्या बंद दारापुढे चपला काढून हात जोडून उभ्या आहेत.

"इथे कुठला देव, ताई?" मी विचारलं.

"देव नाही हो. आमचं घर पेटलं तेव्हा मी पाळण्यात होते. इथल्याच एका जवानानं मला बाहेर काढलं. त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. म्हणून इथे येते."

घरी पोचेपर्यंत तेच मनात घोळत राहिलं. किल्ले आपण राजांसाठी जपतो, देवळं देवांसाठी. परक्याच्या घरासाठी जिवावर उदार होऊन धावलेल्यांची आठवण कुठे ठेवायची?

"हे नगरपालिकेच्या सभेत सांगाल?" असं दुसऱ्या दिवशी सुमनताईंना विचारलं, तर त्या आधी नकोच म्हणाल्या. पण आल्या, आणि उभ्या राहून तेवढंच बोलल्या. मग मागून एक आजोबा उठले. त्यांची पिठाची गिरणी बंबाच्या जवानांनी आगीतून वाचवली होती. त्यांच्यामागून आणखी कुणी, आणखी कुणी. पाडायचा ठराव अध्यक्षांनी मागे घेतला.

बाहेर पडताना सुमनताई माणसांकडे वळून वळून पाहत होत्या.

"मला आजवर वाटायचं, मी एकटीच," त्या म्हणाल्या.