काटोलची एकही लाइन तुटली नाही

मित्रहो, या फलकापाशी क्षणभर थांबा. सकाळी काटोलचा ट्रंक कॉल लागता लागत नाही आणि दुपारी चटकन लागतो, हे आपण अनुभवले असेल. तार तर तीच असते. मग फरक कशाचा?

मी टेलिफोन एक्स्चेंजमधला अभियंता; आज तिथे त्याचे उत्तर पाहिले. एकाच तारेवरून अनेक संभाषणे आपापल्या मार्गिकेने, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतेच्या लहरींवर, जातात. काही मार्गिका काटोलच्या, काही पुढच्या नरखेडच्या. सकाळी संत्र्याच्या सौद्यांनी काटोलच्या सगळ्या भरल्या होत्या. तेवढ्यात इस्पितळातून कॉल आला. एका बाईला तातडीने रक्त हवे होते आणि जुळणारा रक्तगट काटोलच्या तिच्या भावाचा होता.

ऑपरेटर शालूताई म्हणाल्या, "सर, एका व्यापाऱ्याले तोडू काय? घंटाभरापासून भावच करून राहिला!"

मी म्हणालो, "कोणालाच तोडू नका. नरखेडची एक मार्गिका रिकामी आहे, ती काटोलला देऊ."

मी इकडची जोडणी बदलली, काटोलच्या सहकाऱ्याने तिकडची. लगेच भावाचा आवाज आला, "निघालोच मी!" दुपारी तो इस्पितळात पोहोचला, रक्त मिळाले.

आणि शेजारच्या मार्गिकांवर सौदे तसेच चालू होते. कोणाला चाहूलही लागली नव्हती. उद्या काचेच्या तंतूतून प्रकाशावर संभाषणे धावतील, तेव्हा ही वाटणी यंत्रे आपणहून करतील म्हणतात.

घरी एक नळ बारीक सोडा, मग त्याच टाकीचा दुसरा उघडा. टाकी म्हणजे ती तार आणि नळ म्हणजे मार्गिका समजा; पहिल्याची धार तुटते का, तेवढे पाहा.