एक ट्राउट लागू दे

किस्से घरात जमा होतात ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे. ते कोणी मुद्दाम आणत नाही आणि कोणी फेकतही नाही. एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. लग्न होऊन रोहण्याहून वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला आले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. आणि सगळं माशांचं आहे, तेही अशा घरात, जिथे अंडंसुद्धा गेटच्या आत येत नाही!

आमचे हे बँकेत आहेत. त्यांचे दोन जिवलग: शाळेत भूगोल शिकवणारे ढोबळे सर आणि हार्डवेअरचं दुकान असलेले गुड्डूभाऊ. तिघांना फ्लाय फिशिंगचा नाद. म्हणजे पिसाची खोटी माशी करायची, लांब दोरीने ती नदीवर फेकायची, ट्राउट नावाच्या माशाला फसवायचं आणि सापडला की सोडून द्यायचं. ट्राउट बर्फाच्या पाण्यात राहते. वर्ध्यात फेब्रुवारीतच पंखे लागतात. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्याला हवामान आडवं येत नाही.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ह्यांना विचारलं होतं, "सोडूनच देता तं पकडता काऊन?"

"आई, तो स्पोर्ट आहे."

"मंग माशाले विचारलं का, तोही खेळून राह्यला का म्हणून?"

*

रविवार ग्रुपचा. सकाळी तिघं धाम नदीवर, दुपारी आमच्या गच्चीवर चर्चा, संध्याकाळी तीच चर्चा चहासोबत. चहा मी करायची. सेवाग्राम घरापासून एवढं जवळ, पण लग्नानंतर आम्ही दोघं आश्रमातसुद्धा गेलो नव्हतो. लहानपणी शाळेच्या सहलीत गेलते, तेवढंच. दोघांनी मिळून तिथल्या झाडाखाली बसावं, मागे कोणी "वहिनी, साखर कमी आहे" म्हणू नये, एवढीच माझी हौस.

जानेवारीत एकदा मी तेवढं बोलले. हे जरा ओशाळले. मग दोघा मित्रांसमोर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "एक ट्राउट लागू दे, बस. मंग सगळे रविवार तुझे."

माझा संसार त्या दिवसापासून एका माशावर अडकला.

*

सराव गच्चीवर चालायचा. दोरी आधी मागे झटकायची, मग पुढे सोडायची. पुढे काय आहे ते हे नीट पाहत. मागे शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

पहिल्या झटक्यात कुरडई आली. दुसऱ्या झटक्यात काकूंचा गाऊन आला. तो भिंतीवरून उडत आमच्या गच्चीत उतरला. काकू खालून ओरडल्या, "काय करून राह्यले हो?"

हे गाऊन हातात घेऊन उभे. ढोबळे सरांनी वरूनच समजावलं, "काकू, घाबरू नका! आम्ही ठेवून नाई घेत, सोडून देतो!"

*

माशी बांधायला कोंबड्याचं पीस लागतं. ते घरात आणण्याची कोणाची हिंमत नव्हती, म्हणून ह्यांनी देवघरातलं मोरपीस थोडं थोडं कातरलं. सासूबाई म्हणाल्या, "उंदीर झाले वाटते." झाडूचे केस गेले. त्यावरही उंदीरच.

मग चमकीसाठी जरीचा धागा हवा झाला. एका दुपारी मी लग्नाचा शालू उन्हात घालायला काढला तर काठ एका जागी कुरतडलेला. बाजूला टेबलावर ह्यांची नवी माशी ठेवलेली, सोनेरी पोटाची.

मी शालूकडे पाहिलं, मग माशीकडे.

हे म्हणाले, "उंदीर झाले वाटते."

*

ढोबळे सरांना माशाची लांबी हाताने दाखवायची सवय. धरणावर निसटलेला त्यांचा रोहू पहिल्यांदा ऐकला तेव्हा वीतभर होता. संक्रांतीपर्यंत तो हातभर झाला. एकदा स्कूटी चालवताना मागे बसलेल्या गुड्डूभाऊंना तोच रोहू सांगता सांगता सरांनी दोन्ही हात सोडले आणि एवढा मोठा करून दाखवला. स्कूटी नालीत.

गुड्डूभाऊ चिखलातूनच बोलले, "सर, मासा लहान असता तं वाचलो असतो!"

तेव्हापासून ग्रुपचा नियम झाला: मासेमाराने हात पसरायचे नाहीत. फोटो दाखवा, नाहीतर साक्षीदार आणा. आणि साक्षीदार मासेमार नको. गुड्डूभाऊंच्या मते त्या धंद्यातल्या माणसाची साक्ष कोर्टानेही घेऊ नये.

*

धाम नदीवरचा मोठा किस्सा म्हशीचा. मी डबा घेऊन गेलते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेला. ह्यांनी दोरी मागे झटकली आणि ती मागेच राहिली. मागे पाण्यातून निघणारी म्हैस, गळ तिच्या शेपटीच्या केसांत. म्हैस दचकली आणि काठाने पळत सुटली. रिळावरची दोरी सरसर सुटू लागली.

"सोडू नका, दमू द्या तिले!" ढोबळे सर ओरडले. व्हिडिओत माशासाठी असंच सांगतात.

दमले ते हे. म्हशीचा मालक शांतपणे बिडी ओढत आला, सगळं पाहून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्यात सोडून द्यायची पद्धत आहे म्हंते. मंग द्या न सोडून!"

*

आमच्या हनिमूनची तारीख पत्रिका पाहून ठरली नाही. हिमाचलात थंडीत ट्राउटवर बंदी असते, ती मार्चात उठते. म्हणून मार्च.

तयारी म्हणून गुड्डूभाऊंनी दुकानातला कूलर गच्चीवर आणला, टाकीत पाणी भरलं आणि बर्फाची लादी सोडली. तिघं आळीपाळीने त्यात पाय घालून उभे. त्यात हे छातीपर्यंतची रबरी पँट घालून आलेले. सासूबाई पापडाचं ताट घेऊन वर आल्या, मुलाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "नगरपालिकेत नाल्या उपसाले लागला का हा?"

"नाई आई, हनिमूनची तयारी आहे."

सासूबाई ताट घेऊन परत खाली गेल्या.

तिकिटं आली तेव्हा कळलं, चार आहेत. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ढोबळे सर म्हणाले, "वहिनी, आम्ही लांब राहू. आणि हे तं जवळच आहे. सालमन माशासाठी फॉरेनले जा लागते, ते पुढच्या वर्षी!"

*

हिमाचलातली ती नदी पाहिली आणि मला तिची दया आली. इतकं स्वच्छ पाणी, आणि त्यात आमचे हे.

रोज पहाटे तिघं पाण्यात, मी दगडावर थर्मास घेऊन. ट्राउट दिसायच्या, अगदी पायाजवळून जायच्या. लागत नव्हत्या. ढोबळे सरांना सर्दी लागली. गुड्डूभाऊंची माशी झाडाला लागली. ह्यांना काहीच लागलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तिघं हीटरपुढे मोजे धरून बसत, आणि मी माझ्याच हनिमूनला चहा विचारत असे.

शेवटच्या सकाळी नदीवर निघताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाल गुंडाळून बसले होते. काय दिसलं त्यांना, कोण जाणे. "आज काहीही करून," एवढंच म्हणाले. शालूच्या जरीची माशी बांधली आणि पाण्यात उतरले.

सर आणि गुड्डूभाऊ वळणापलीकडे होते. समोरच्या काठावर एक झाड गुलाबी फुलांनी भरून गेलेलं, अंगावर एक पान नाही. मी त्या झाडाकडे पाहत होते. खरं सांगायचं तर माशांकडे पाहायचं मी केव्हाच सोडलं होतं.

तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. "लागली! लागली होती!"

मी वळून पाहिलं. हे कंबरभर पाण्यात, कोपरापर्यंत ओले, हात रिकामे. "हातात होती! सोडली!" मग माझ्याकडे पाहून, जरा खालच्या आवाजात, "पाह्यली न तू?"

वळणावरून दोघं धावत आले. सर शिंकत शिंकत म्हणाले, "फोटो?"

"दोन्ही हातांत मासा, फोटो काय दाताने काढू?"

"मंग साक्षीदार," गुड्डूभाऊ म्हणाले, आणि दोघं माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही बोलत नाई जास्त, पण बोलता ते खरं बोलता. पाह्यली?"

हे पाण्यात थरथरत उभे. मला सेवाग्रामची झाडं दिसली. पुढच्या वर्षीचं फॉरेनही दिसलं.

मी थर्मास दगडावर ठेवला. शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि पसरले.

"एवढी होती," मी म्हटलं.

गुड्डूभाऊंनी शिट्टी मारली. ढोबळे सरांनी माकडटोपी काढून ह्यांना मिठी मारली आणि दोघं नाचत हॉटेलवाल्याला सांगायला गेले.

हे पाण्यातून बाहेर आले. निथळत माझ्याजवळ दगडावर बसले. माझ्या हातांकडे पाहू लागले. मी चहा ओतून दिला. त्यांनी तो घेतला, इकडेतिकडे कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं,

"तुले कशी काय दिसली? मले तं नाई दिसली."