वारेश्वर भाऊजी

आमच्या भाऊजींना कुणाच्याही घरात सरळ जाऊन बसता येत नसे. उंबऱ्यात उभं राहायचं, बोट जिभेला लावायचं, ते वर धरायचं आणि डोळे मिटायचे. यजमान बिचारा "या, या" म्हणत हात जोडून ताटकळलेला. मग डोळे उघडून निकाल यायचा, "तुमच्याकडं वारा खिडकीतून येतो आणि कपाटाला धडकून मरतो. कपाट हलवा." माझं लग्न ठरवायला ही मंडळी सोलापूरहून जेऊरला आली तेव्हाही तेच झालं. सगळे मुलगी बघताहेत आणि नवऱ्यामुलाचा धाकटा भाऊ ओसरीत बोट वर करून उभा! माझ्या चुलतीनं आईच्या कानाशी लागून विचारलं, "ह्येच्या अंगात वारं येतं काय गं?"

येतच होतं म्हणा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ते एका गिरणीच्या इंजिनिअरिंग खात्यात लागले होते. माणूस आत शिरेल एवढे तिथले हवेचे पाइप त्यांच्या ताब्यात होते, आणि त्याचा रुबाब असा, की गिरणी सूत काढते ती आपल्याच फुंकरीवर. "सोलापूरला ऊन देवानं दिलंय वहिनी, वारा मी देणार," असं ते येता-जाता ऐकवायचे. गल्लीनं मग त्यांचं बारसंच करून टाकलं. वारेश्वर! दुसरा कुणी चिडला असता. हे पठ्ठे पोस्टमनलासुद्धा स्वतःची ओळख तशीच करून द्यायचे.

सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणत. अव्वांचं अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी, आणि राग आला की सगळंच कानडी. सकाळी भाऊजी आंघोळ करून देवापुढं उदबत्ती लावत आणि मांडी घालून तिच्या धुराकडं टक लावून बसत. मला वाटायचं, काय भक्ती आहे! पुढं कळलं, धूर कुठं सरळ जातो आणि कुठं गिरकी घेतो, ते बघणं चाललेलं असे. हातानं मध्येच वहीचा पुठ्ठा आडवा धरायचे. अव्वा आतून ओरडायच्या, "साकु साकु, पुरे झालं! देवाला उदबत्ती लावतोस की देवाची परीक्षा घेतोस रे?" भाऊजी म्हणायचे, "अव्वा, देव पास झाला. पुठ्ठा नापास."

घरामागं आमची मागांची शेड होती. चादरी विणायच्या. शेड मोठ्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या हाताखाली चाले. पण तिचा जीव म्हणजे अव्वा. दाराशेजारच्या कांड्या भरायच्या मशीनवर त्या बसत. धोट्यात घालायचं सूत कांडीवर गुंडाळायचं ते काम. शेजारच्या मशीनवर नरसम्मा, तेलुगू बाई, अव्वांची सगळ्यात जुनी जोडीदारीण. दोघींची भाषा वेगळी, पण मागांच्या खडखडाटात नुसत्या भुवयांनी त्यांच्या गप्पा चालत. घरात अव्वा म्हाताऱ्या दिसायच्या; शेडमध्ये गेल्या की चालच बदलायची.

पण शेडच्या खिडक्या कायम बंद. बाहेरचा कोरडा वारा शिरला की ताणलेलं सूत तुटतं. खिडक्या बंद म्हणजे सुताचं तूस आतल्या आत तरंगणार, आणि बारा महिने तेच नाकातोंडात. अव्वांचा खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. शेवटी डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "एक तर शेडमधलं तूस बाहेर काढा, नाही तर आईंना बाहेर काढा." अव्वांना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "मला बाहेर काढून ठेवणार कुठं? देवळीत?" आणि जाऊन मशीनवर बसल्या. आमच्या ह्यांनी निश्चय केला, की आता आईला शेडमध्ये बसू द्यायचं नाही. आणि भाऊजींनी निश्चय केला, की आईला तिथून उठू द्यायचं नाही.

शेडच्या कोपऱ्यात तूस ओढून घेणारा एक ब्लोअर होता. छताला लटकतो तसला पंखा नव्हे. पत्र्याची गोल बंद पेटी, आत पात्यांचं चाक. चाक फिरलं की मधल्या तोंडातून हवा ओढायची आणि कडेच्या तोंडातून बाहेर फेकायची. गल्लीतल्या पत्रेवाल्यानं केलेला. आवाज आगगाडीचा आणि वारा म्हाताऱ्याच्या फुंकरीचा. मोठी मोटर बसवावी तर विजेचा लोड वाढवून मिळेना; अर्ज करून करून आमचे हे दमले. म्हणजे त्याच मोटरवर जास्त वारा काढायला हवा होता. "एवढंच ना?" भाऊजी म्हणाले. हे "एवढंच ना" ऐकलं की मी हाताशी असेल ते लपवायला लागायची, कारण पुढं माझ्या घरातलं काही ना काही कापलं जाई.

तसंच झालं. आधी माझी शिवणाची कात्री पत्रा कापून बोथट झाली. मग तुपाच्या डब्यांची चाकं झाली. लहान चाकं, मोठी चाकं, सरळ पात्यांची, वाकड्या पात्यांची. प्रत्येक चाकाचा वारा मोजायला काचेची वाकडी नळी, तिच्यात सूत रंगवायच्या लाल रंगाचं पाणी. पाणी किती सरकतं ते बघायचं आणि शेजारी मोटरवर हात ठेवून ती किती तापली तेही बघायचं. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मला सगळं ऐकावं लागे. "सरळ पातं हवेला पुढं ढकलत नाही वहिनी, घुसळतं. मोटरची निम्मी ताकद घुसळण्यात जाते. आपल्याला ताक नकोय, वारा हवाय!" म्हणून त्यांनी पाती मागं झुकवली. चाक ज्या बाजूला फिरणार, तिच्या उलट बाजूला पात्यांची टोकं. हवा पात्यावरून घसरत, भांडण न करता बाहेर पडावी. बघणाऱ्याला मात्र चाक उलटंच बसवल्यासारखं वाटे. आमचे हे रोज एकदा म्हणत, "अरे, ओंजळ अशी धरतात का? पाणी सांडेल की." भाऊजी म्हणत, "अण्णा, तू चादरी वीण."

पेटीचा आकार शंखासारखा हवा होता, फिरत फिरत रुंद होत जाणारा. तो त्यांना काही केल्या साधेना. शेवटी मी वैतागून रांगोळी घेतली आणि अंगणात एका झटक्यात काढून दिला. भाऊजी रांगोळीभोवती उकिडवे फिरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं शिक्षण वाया गेलं." मी खूश. ती खुशी दुपारपर्यंतच टिकली. हवा आत घ्यायचं तोंड बाहेरच्या बाजूला गुळगुळीत वळलेलं हवं, म्हणजे हवा काठाला अडखळत नाही, असं त्यांना सुचलं होतं. आणि तसं तयार तोंड सगळ्या घरात एकच, माझ्या माहेरच्या तांब्याच्या घागरीचं! मी पाण्याला गेले तर घागरीला मानच नाही. काय सांगू, त्या दिवशी मी जेऊरची सगळी भाषा वापरली. "भाऊजी, लाज न्हाय वाटत?" त्यांनी कान धरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरचा मान राहिला. अव्वांचा श्वास त्यातूनच जाणार."

रात्री नवा ब्लोअर बसवून झाला, आणि गणपतीच्या आरतीलाही जमली नसती एवढी माणसं त्यांनी दुसऱ्या सकाळी शेडमध्ये जमवली. नारळ फोडला. पंख्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून भाषण केलं. हवा कशी असते, पाहुण्यासारखी असते, ढकलली की दारातच घुटमळते, वगैरे. आणि बटण दाबलं. बाई बाई! असा घरघराट, की पहिल्या रांगेतला माणूस मागच्याच्या पायावर. वारा आला, नाही असं नाही, पण जुन्यापेक्षाही कमी. मोटर तापून जळका वास सुटला आणि फट् करून फ्यूज गेला. कुणी तरी मागून म्हणालं, "वारेश्वर पावला रं!" आणि शेडभर हशा.

भाऊजी खाली मान घालून नारळाची भकलं गोळा करत बसले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. माणसं पांगली. आमचे हे हळू आवाजात म्हणाले, "अव्वा, उद्यापासून तू घरात." अव्वांनी वाद घातला नाही. त्यांनी मशीनवरचं तूस पदरानं पुसलं, त्यावर एक जुनी चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि त्या घरात आल्या. नरसम्मा दारापर्यंत त्यांच्या मागं आली. त्या मेल्या घागरीचा रागसुद्धा कुठल्या कुठं गेला.

दुपारी दोघे भाऊ समोरासमोर जेवायला बसले. भाऊजी भाकरी कुस्करत होते, खात नव्हते. आमच्या ह्यांना धाकट्याचा फार लळा, पण बोलता येत नाही. त्याच्या ताटात आमटी वाढत म्हणाले, "जाऊ दे रे. मी तर माझ्याकडून केलं. पहाटे बघितलं तर पाती तशीच उलटी. म्हटलं, हट्टापायी चुकतोय बिचारा, चारचौघांत हसं नको. दोन तारांची अदलाबदल करून चाक उलट फिरवलं, म्हणजे पाती सरळ झाली. तरी नाही चाललं, तर तू तरी काय करणार?"

भाकरी कुस्करणारा भाऊजींचा हात थांबला. "अण्णा, काय केलंस?"

"तारा बदलल्या."

कुणाच्या लक्षात कसं यावं? छताचा पंखा उलटा फिरवला की वारा वर जातो, चटकन कळतं. हे पेटीतलं चाक कसंही फिरवा, वारा त्याच तोंडातून बाहेर येणार. फक्त रडतखडत येणार आणि मोटरचा जीव घेणार. चाक आत झाकलेलं, आणि भाऊजी तर भाषणात! ते खरकट्या हातानंच उठले. मला वाटलं, आता भावाच्या अंगावर जातात. तर त्यांनी ताटं ओलांडून ह्यांना मिठीच मारली. आमटीचा हात पांढऱ्या सदऱ्यावर. "अण्णा, अरे माझ्या राजा! तू चुकलास!" आमचे हे खजील होऊन म्हणत होते, "अरे पण ओंजळ..." "ओंजळ गेली खड्ड्यात!"

या खेपेला कुणाला बोलावलं नाही. तारा पूर्ववत केल्या, फ्यूज घातला. अव्वा उंबऱ्याबाहेरच उभ्या. भाऊजींनी बटण दाबलं. अव्वा थोडा वेळ कानोसा घेऊन म्हणाल्या, "लाव की रे."

"लावलाय, अव्वा."

आमच्या ह्यांनी माग चालू केले. कौलातल्या काचेतून येणाऱ्या उन्हात तुसाचे कण दिसत होते. ते एरवी नुसते तरंगायचे. आता सगळे एकाच दिशेनं, माझ्या घागरीच्या मानेकडं निघाले. सूत कुठंही तुटलं नाही. भाऊजी मोटरवर हात ठेवून उभे होते. कुणी काही विचारायच्या आत अव्वा आत आल्या, चादर काढली, घडी घातली आणि मशीनवर बसल्या. खोकला एका दिवसात जाणार नव्हता, पण तो पुढं दिवसाचा सकाळपुरता झाला, आणि सकाळचाही विसरल्यासारखा झाला.

मग काय विचारता! भाऊजींना आकाश ठेंगणं. शेडवाले बघायला येत आणि हे प्रत्येकाला पात्याचा कागदी नमुना फुकट वाटत. वर ताकीद, "उलटं दिसेल, पण तसंच बसवा. आणि भावाला जवळ येऊ देऊ नका." आमचे हे शेजारी उभे राहून हसत. पुढं पुण्याच्या एका कारखान्यानं त्यांना पंखे करायलाच बोलावून घेतलं. जाताना मला एक नवी घागर आणून दिली. मी ती कुलपात ठेवली.

आज भाऊजी नाहीत. त्यांची आठवण आली की सगळे हसतात, मीही हसते, आणि मग मला तो एक दिवस आठवतो.

अव्वा गेल्या त्या वयानं गेल्या, छातीनं नाही. अगदी शेवटापर्यंत शेडमध्ये बसत होत्या. भाऊजी पुण्याहून आले, माती दिली, सगळ्यांना धीर दिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बंद ठेवलेली शेड पुन्हा उघडली त्या दिवशी बायका झाडायला आल्या, पंखा लावला. भाऊजी आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो बंद केला. मला म्हणाले, "वहिनी, जिच्यासाठी केला ती गेली. आता हा फिरून काय करणार?"

झाडण्यानं तूस उठलं होतं. ते सगळ्यांच्या डोक्यावर तरंगायला लागलं. नरसम्मा अव्वांच्या रिकाम्या मशीनशेजारी केरसुणी घेऊन वाकली होती. ती खोकली, पदर नाकाला लावला आणि सरळ झाली.

"धाकटे मालक," ती म्हणाली, "आमी न्हाय का हितं? लावा की."

भाऊजी तिच्याकडं बघत राहिले. मग एकेक करून बाकीच्या बायकांकडं. त्यांनी बटण दाबलं, आणि त्या सगळ्यांच्या देखत, पंख्याच्या पेटीला डोकं टेकून ते लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडले.