दवाखान्याचं हळदीकुंकू

आमच्या गावाबाहेर, धाराशिवच्या रस्त्याला नवा दवाखाना झाला, तेव्हा तिथली जनसंपर्काची मुलगी पहिल्याच आठवड्यात माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा प्याली, मला ताई म्हणाली, आणि दवाखान्याला गावाशी नातं जोडायचंय असं सांगितलं. निम्मं गाव माझ्या हाताखाली शिकलेलं. नात्यासाठी तिला माझंच घर का सापडलं, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण कुणी मोठेपणा दिला की मी लगेच फुगते.

कल्पना माझीच, हे कबूल करते. तपासणी शिबिराला बायका येत नाहीत. कुणाला रानातलं काम, कुणाला लाज. मी म्हटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवा. ते बोलावणं कुणी मोडत नाही. मग मीच कुंकवाचा करंडा घेऊन घरोघरी फिरले आणि आपलंच आहे, या, असं सांगत सुटले. तिळगूळ, वाणाला स्टीलचा डबा आणि पडद्याआड तपासणी. बायका नटूनथटून आल्या. मी फोटोत मधोमध उभी राहिले.

माझ्या शेजारणीला तिथं सांगितलं की गर्भाची पिशवी खराब आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. मुरूमचं माहेर, दोन लेकरं, वय पस्तिशीच्या आत. घाबरून माझ्याकडं आली. नवरा म्हणत होता, एकदा धाराशिवला सरकारी दवाखान्यात दाखवू. मीच म्हटलं, उगीच हेलपाटे कशाला, इथं आपली माणसं आहेत. पंधरा दिवसांत तिची पिशवी काढली.

उन्हाळ्यापर्यंत तिला भरली घागर उचलवेना. अंगाची लाही व्हायची, झोप उडाली. शेवटी आम्ही दोघी धाराशिवला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनआधीचे रिपोर्ट दोनदा वाचले आणि म्हणाल्या, साधी सूज होती, गोळ्यांनी गेली असती. परतताना एसटीत ती माझ्या शेजारची जागा सोडून पुढं खिडकीशी बसली.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत दवाखान्यात गेले. त्या मुलीनं माझ्यासाठी चहा मागवला. शेजारणीचं नाव तिला आठवेना. भिंतीवरच्या फोटोत दाखवलं, माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तरी आठवेना. मोठ्या डॉक्टरांशी बोलते म्हणाली, आणि मग हसून पुढचं काढलं, "ताई, येत्या संक्रांतीला आणखी मोठं करू. तुमच्याशिवाय बायका येत नाहीत."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला फसवल्याचा संताप आला. दवाखान्यानं माझी माणसं माझ्याच हातानं पडद्याआड नेली होती. चहा तसाच ठेवून उठले.

यंदा हळदीकुंकू माझ्या घरी केलं. करंडा घेऊन फिरले, दारोदार बायका हो म्हणाल्या, पण आल्या चौघीच. शेवटी शेजारीण आली. कुंकू लावून घेतलं. मग पदराखालून घासून लख्ख केलेला दवाखान्यातला तो डबा काढून माझ्यापुढं ठेवला. वाण कुणी परत करत नाही.

"बाई, त्या दवाखान्यात मला कोन वळखत हुतं?" ती हळूच म्हणाली. "म्या तुमच्या बोलावन्याला आले हुते."

तिळगूळ न घेताच ती पायऱ्या उतरली.