आखाजीला मागून आणलेलं प्रवाळ

ह्या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. वडावर बसलेल्या बाया, अमावास्येला मागे लागणारे कंदील... वाचते आणि मनात म्हणते, ह्या लोकांना दुसरा उद्योग नाही का? मी जळगावच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं. बेडूक, झुरळं आणि मुलं, तिघांनाही मी फारशी गोड वाटले नाही. माझा स्वभाव खाष्ट आहे हे घरचेच सांगतात, तेव्हा तुम्ही शोधायला जाऊ नका. भूत, भानामती, दृष्ट ह्यांतलं काहीही मी मानत नव्हते. आजही मानत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण माझ्या कपाटात एक बरणी आहे आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

गोष्ट १९९०च्या अलीकडची-पलीकडची. माझं माहेर चोपडा तालुक्यात. अडावदला एस.टी.तून उतरलं की पुढे बैलगाडीनं अर्धा तास. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून आहेत तिथं. वडील गेल्यावर धाकटा भाऊ रघुनाथ शेत बघायचा. आमच्याकडे लेकीबाळींचा खरा सण म्हणजे आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया. झोके, सांजोऱ्या, गाणी... सासरी किती का मोठी असेना, त्या दोन दिवसांत बाई लेक असते. तिला न्यायला माहेराहून कुणीतरी येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझा मुऱ्हाळी दरवर्षी रघूच.

त्या वर्षी त्यानं विहीर खोल करायला घेतली होती. पाणी होतं, पण केळीला पुरत नव्हतं. आमच्याकडे खाली दगड लागत नाही. तापीचा गाळ, पिवळी माती, वाळू, परत माती. विहिरीवर यारी लावलेली. यारी म्हणजे तळातला गाळ लोखंडी डब्यातून वर ओढणारं यंत्र. सतराव्या परसाला, म्हणजे सतरा पुरुष उंचीच्या खोलीवर, जोरात पाणी लागलं. गोड, गार. आखाजीच्या आदल्या दिवशीच. घरात नुसता आनंद.

त्या पाण्याबरोबर वर आलेल्या गाळात रघूला एक वस्तू सापडली. ती त्यानं माझ्यासाठी बादलीत ठेवली होती.

"अक्का, हाई दख बरं. तू कॉलेजमा हाईच शिकाडस ना?"

काळ्या गोट्याला चिकटलेलं, अंगठ्याएवढं, किंचित वाकलेलं शिंग. वरचं तोंड पेल्यासारखं उघडं आणि आत चाकाच्या आऱ्यांसारखी पातळ पांढरी पाती. मी बघत राहिले. ते प्रवाळ होतं. बहुतेक प्रवाळं हजारोंनी एकत्र राहतात, वसाहत करून. हे एकांडं होतं. असली एकांडी प्रवाळं खोल समुद्रात असतात, जिथं उजेड पोचत नाही.

"समुद्रातलं आहे हे," मी म्हटलं.

"समुद्र? आठे?" रघू हसायला लागला. "आठे तर तापीबी उन्हायामा आटी जास!"

मी समजले जीवाश्म असेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी नर्मदेच्या बाजूला समुद्र शिरला होता, हे आम्ही वर्गात शिकवतोच. तरीही खानदेशात अशी नोंद कुणी केलेली नव्हती. माझी पीएच.डी. चार वर्षं रखडलेली, विभागप्रमुख सर येता-जाता टोमणे मारणारे... मला त्या शिंगात माझा छापील निबंध दिसायला लागला, खोटं कशाला सांगू.

यारीवरचा एक म्हातारा कामगार तेवढं म्हणाला, "पानीसंगे निंघनं ते पानीमाच ऱ्हाऊ द्या, बाई."

"तुम्ही यारी बघा बाबा, मी माझं बघते," असं मी त्याला फाडकन बोलले.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी निघताना रघूनं रिवाजाप्रमाणे साडी पुढे केली. मी म्हटलं, साडी नको, आखाजीची म्हणून मला ती वस्तू दे. त्याची बायको सुमन दारात उभी होती. तिला ते आवडलं नाही, साडी तिनं स्वतः चोपड्याला जाऊन निवडली होती. पण रघूनं लगेच हळद-कुंकू लावून ते शिंग माझ्या ओटीत घातलं. स्टीलच्या डब्यात विहिरीचंच पाणी घालून मी ते जळगावला आणलं.

प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत ठेवलं. पाणी तेच, डब्यातलं. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. तासाभरानं सहज पाहिलं, तर पात्यांच्या मधून काहीतरी वर आलं होतं. मांसल, अर्धपारदर्शक, टोकाला बारीक गाठी... स्पर्शकं. एक, दोन, मग सगळी. ते उघडलं होतं. जिवंत होतं!

मी ताटलीतलं पाणी बोटानं चाखून पाहिलं. गोड पाणी. समुद्रातला जीव गोड्या पाण्यात काही वेळातच मरायला हवा. हा तीन दिवस जगला. रोज उघडायचा. मी काचेजवळ तोंड नेलं की सगळी स्पर्शकं माझ्या बाजूला वळायची. भीती नाही वाटली. खरं सांगायचं तर राग आला. माझ्या शास्त्रात न बसणारी गोष्ट माझ्याच टेबलावर बसून माझ्याकडे बघत होती, अन् तिला डोळे नव्हते.

आता आमच्या धंद्याची एक रीत ऐका. जिवंत प्राणी म्हणजे नमुना नव्हे. तो मारून, बरणीत स्पिरिटमध्ये घालून, आत चिठ्ठी टाकली — कुठं मिळाला, कधी, किती खोलीवर — की मग तो नमुना. त्याशिवाय नोंद होत नाही. चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेअकराला, मी त्याला स्पिरिटमध्ये टाकलं. वेळ वहीत लिहून ठेवली, ती सवयच होती. ते एकदम मिटलं नाही. बराच वेळ उघडं राहिलं आणि मग एकेक स्पर्शक आत गेलं.

पुढच्या आठवड्यात सुमन कॉलेजात आली. एकटी, हातात पाण्याचा कॅन, डोक्यावर पदर. सर समोर बसलेले असताना तिनं कॅन माझ्या टेबलावर आपटला.

"अक्का, पी दखा."

एक घोट घेतला आणि थुंकला. समुद्राचं पाणी. मी लगेच परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तर दह्यासारखा पांढरा साका! एवढं मीठ मी समुद्राच्या पाण्यातच पाहिलं होतं.

"कधीपासून?"

"मांगला सोमवार. दुपारना जेवनना आंगे पानीना दांडमा फेस उना. त्यानापहिले गोड व्हतं. केयीना पानंनी कड जयी ऱ्हायनी."

मी वही उघडली नाही. मला पाठ होतं.

"तुमना भाऊ मांगाव नही," ती म्हणाली. "तो मरी जाई पन मांगाव नही. म्हनीसन मी उनू. आखाजीले जे लई गयात ते परत द्या."

सर मला इंग्रजीत म्हणाले, खाली क्षाराचा थर फुटला असेल, उनपदेवला नाही का गरम झरे आहेत, पूर्णेकाठी नाही का खारं पाणी आहे. मीही तेच सुमनला मराठीत ऐकवलं. शिकलेल्या बाईच्या सुरात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की बांधापलीकडची विहीर वीस पावलांवर आहे आणि तिचं पाणी अजून गोड आहे. ते पाणी मागून आणून घरात पितो, पण केळीला कोण देणार?

बरणी तिथंच होती, तिच्या पाठीमागच्या फळीवर. ती दुसऱ्याच दिवशी समुद्री जीवांच्या एका तज्ज्ञाकडे ओळख पटवायला जाणार होती. मी म्हटलं, "दोन महिने थांब. मग देते."

"दोन महिनामा केयी ऱ्हाई का, अक्का?"

मी परीक्षानळी धुवायला उठले. ती कॅन तिथंच ठेवून गेली.

तज्ज्ञांचं पत्र आलं. प्रवाळ खोल समुद्रातलंच, आपल्या बाजूला आजवर कधी न मिळालेलं. नमुना ताजा आहे, असंही त्यांनी आवर्जून लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी, की ठिकाण लिहिण्यात आपली काही चूक झालेली दिसते, तपासावे. सर म्हणाले, "विहीर लिहाल तर लोक हसतील बाई. कोकणातल्या मच्छीमाराच्या जाळ्यात सापडलं असं लिहा आणि मोकळ्या व्हा." मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी बरणीतली चिठ्ठी काढून दुसरी टाकली. रत्नागिरीसमोर, अमुक खोलीवर. निबंध छापून आला. माझ्या नावावरची ती पहिली नोंद, आणि तिच्यातलं ठिकाण खोटं. खरी चिठ्ठी मी फाडून टाकली.

बरणी घेऊन माहेरी गेले तेव्हा पावसाळा सरत आला होता. बाग कुठली! काळे बुंधे उपटून बांधावर रचून ठेवले होते. रघू खाटेवर बसला होता. मी बरणी पुढे केली. त्यानं हात मागे घेतले.

"लेकले दिधं ते परत लेतस नही, अक्का."

"अरे वेड्या, मी आपणहून देतेय!"

"मी परत लिधं तर पुढनी आखाजीले तू कोना दारे येशी?"

रागावला असता तर बरं झालं असतं. तो मला समजावत होता. घेतलेलं दान फिरवलं की लेकीचं माहेर तुटतं, असं आमचे वडील म्हणायचे. विहीर गेली, बाग गेली, तरी त्याला माझं माहेर राखायचं होतं. आतून सुमननं भांडं आपटल्याचा आवाज आला. मी बरणी पिशवीत घातली. विहिरीवर जाऊन मीच ती टाकू शकले असते, रघूनं अडवलं नसतं. पण तोवर ती छापील नोंदीची बरणी झाली होती. नोंद झालेला नमुना हरवणं म्हणजे आमच्यात मोठं पाप. मी परत आले.

रघू पुढे पावसावर येईल ते पेरत राहिला. दर आखाजीला मुऱ्हाळी होऊन आला, शेवटच्या आजारापर्यंत. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. आता सुमन फोन करते. "आखाजी शे. या." एवढंच. बोलावणं तिनं चुकवलेलं नाही. आणि पहिल्या वर्षापासून, मी ओट्यावर बसले की ती एक तांब्या माझ्यापुढे ठेवते. घरात नळ आला, सगळे नळाचं पाणी पितात. माझा तांब्या विहिरीचा. मी तांब्या तोंडाला लावते. पूर्ण पिते. रात्रभर घसा जळतो, आणि वाटतं, बरोबर आहे तिचं.

निवृत्त झाले तेव्हा ती बरणी घरी घेऊन आले. स्पिरिट उडतं. कितीही घट्ट झाकण लावा, वर्ष-दोन वर्षांत भर घालावी लागते, नाहीतर नमुना सुकतो. कॉलेजातल्या सगळ्या बरण्या मी भरत आले. ह्या बरणीत कधीच थेंबभर घालावं लागलं नाही. मी ते मनावर घेतलं नव्हतं. यंदा कपाट आवरताना पाहिलं, तर पातळी झाकणाला टेकलेली. मी टाकलं होतं त्यापेक्षा वर.

झाकण उघडलं. स्पिरिटचा वास नाही. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून ऊन सरळ बरणीवर. तळाशी, त्याच काळ्या गोट्यावर, ते उघडलं होतं. सगळी स्पर्शकं बाहेर. मी तोंड जवळ नेलं, आणि ती वळली.

बोट बुडवून जिभेला लावलं. ती चव मला ओळखावी लागली नाही. तीसहून जास्त आखाज्या मी तेच पाणी पीत आले आहे.

आता तुम्ही सांगाल भूत, कोणी सांगेल जलदेवता. सांगा. सतरा परस खाली समुद्र कसा, स्पिरिटमध्ये मेलेला जीव उघडतो कसा, मला माहीत नाही. विचारलं तर दाखवायला कागदही नाही. छापील नोंद सांगते की ते रत्नागिरीचं आहे, आणि ती नोंद माझीच.

बरणी घेऊन अडावदची गाडी पकडावी, हे रोज मनात येतं. परत घ्यायला नको म्हणणारा भाऊ आता नाही. विहीर अजून आहे. कदाचित पाणी गोड होईलही. पण सुमनला सांगावं लागेल की ते जिवंत आहे. आणि ती दुसरं काही विचारणार नाही. पदर डोक्यावर घेऊन, तेव्हा विचारलं होतं त्याच सुरात कारण विचारील — "मंग तव्हय काबर नही आनी दिधं, अक्का?"

आखाजीला अजून अकरा दिवस आहेत. तिचा फोन कालच येऊन गेला.