जस्तबाईंची संत्री

आमच्या मॅडमसमोर कुणी जस्ताची बादली घेऊन उभं राहिलं की त्याची खैर नसे. नागपूरच्या आमच्या माती-प्रयोगशाळेत शेतकरी बागेतली माती तपासायला आणत, आणि घरात जी बादली हाताला लागेल तीत आणत. "जस्ताच्या बादलीत माती आणता अन् जस्त मोजून मागता? बादलीचं मोजू का मातीचं?" असं म्हणून त्या माणसाला परत पाठवत, अर्थात चहा पाजून आणि हातात स्वच्छ प्लास्टिकची पिशवी देऊन. आम्ही विद्यार्थी मागून त्यांना जस्तबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

झाडाला जस्त चिमूटभरच लागतं, पण तेवढं मिळालं नाही तर संत्र्याची पानं बारीक आणि पिवळी होतात. आणि आमची चुनखडीची काळी माती अशी, की जस्त टाकावं आणि तिनं ते मुठीत घट्ट धरून बसावं. "मातीत असणं येगळं अन् झाडाले भेटणं येगळं," हे मॅडम प्रत्येक वर्गात सांगत. आम्ही कँटीनमध्ये त्याची हुबेहूब नक्कल करायचो.

हिवाळ्यात काटोलकडून त्यांच्या मोठ्या भावाची, म्हणजे दादांची, संत्र्यांची पेटी यायची. मॅडम ती उघडून आतले कागदाचे तुकडे चाचपत आणि पेटी आमच्याकडे सरकवत. आम्ही तुटून पडायचो. त्यांनी एक फोड तोंडात टाकलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणत, "दात आंबतात वं."

पुढे मी तिथेच नोकरीला लागले. एकदा पेटी उघडता उघडता त्या आपणहून बोलल्या. शिकून गावी गेल्या तेव्हा दादांची झाडं पिवळी पडत होती. यांनी ऐटीत सांगितलं, बुंध्याशी जस्त टाका. फरक पडेना, तर म्हणाल्या, अजून टाका. दादा टाकत राहिले आणि माती सगळं धरून ठेवत राहिली. पानांवर फवारायला हवं होतं हे यांना उमगेपर्यंत दादांनी बाग काढून टाकली होती.

"आमच्या बागेची पेटी गवतात भरून यायची," मॅडम म्हणाल्या. "हे कागदात आहे. इकत घेऊन पाठवते माहा भाऊ. एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं. त्याची माफी मागाले जीभच उचलत नाही माही."

मॅडम वारल्या त्या हिवाळ्यात दादा स्वतः पेटी घेऊन प्रयोगशाळेत आले. ती मॅडमच्या टेबलावर ठेवून त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले.

"पोरी, हे संत्रे खात होती का वं माही बहीण? माह्यासमोर कधी खाल्ले नाही. मले वाटे, माह्यावर राग धरून बसली का काय."

"खायच्या ना, दादा. पहिलं संत्रं त्यांचंच असायचं."

दादांचा चेहरा खुलला. "मंग मी उगाच घोर करून राहिलो होतो," म्हणाले, आणि समाधानानं बस पकडायला गेले. ज्या बाईनं बादलीचा अंशभर खोटेपणा चालवून घेतला नाही, तिच्याच टेबलाशी मी धडधडीत खोटं बोलले होते. मॅडमना माफी मागायची होती, एवढंच दादांना सांगायचं होतं. तो निरोप अजून माझ्यापाशीच आहे आणि दादा आता फार थकलेत.

पेटी हल्ली माझ्या नावानं येते. "पयलं तू खाय, मंग पोरायले दे," असा फोनही येतो. मुलं तुटून पडतात. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही नाही घेत?"

"दात आंबतात," मी म्हटलं.