हिरव्या दिव्यावर विश्वास नसलेले भाऊजी

विरारपासून वसईपर्यंत हिरव्या दिव्यावर अजिबात विश्वास न ठेवणारा एकच माणूस असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजींचा जन्म आगीच्या अलार्मची वायरिंग करण्यात गेला. सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की ते आधी तपासायला उठतात. चांदीप गावातल्या एका लग्नात वाढपी म्हणाला, "सगळ्यांना सगळं पोचलं." भाऊजी उठून थेट पंगतीच्या शेवटच्या पानावरच्या आजोबांना विचारून आले. मठ्ठा पोचलाच नव्हता!

वालीवला माझा उशा शिवायचा छोटा कारखाना आहे. माळ्यावर चौदा बायका बसतात. एका रविवारी भाऊजी चहाला आले, आणि कपाला हात लावायच्या आधी स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरचा शेवटचा स्मोक डिटेक्टर फिरवून काढला. खाली अलार्मच्या पॅनलवर 'सगळं ठीक'चा हिरवा दिवा तसाच.

"बघ, याचं डोकं काढलं तरी हे म्हणतंय, मजेत आहे!"

वायरच्या अगदी शेवटच्या टोकाला एक इवलासा रेझिस्टर लावायचा असतो. पॅनलने सोडलेला थोडासा करंट त्यातून परत येतो. वायर तुटली की येत नाही, आणि पॅनल ओरडतं. आमच्या ठेकेदाराने मेहनत वाचवायला तो रेझिस्टर पॅनलच्या पेटीतच लावून टाकला होता, म्हणून पुढची वायर तुटली तरी दिवा हिरवाच.

"राहू द्या ना भाऊजी, सहा महिने चाललंय की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे होऊन स्टूल धरलं. रेझिस्टर टोकाला गेला मात्र, पॅनल बोंबलायला लागलं. माळ्याची वायर उंदरांनी केव्हाच कुरतडली होती. ती बदलेपर्यंत भाऊजी जेवलेसुद्धा नाहीत.

पुढच्याच महिन्यात माळ्यावर फोमच्या ढिगामागे ठिणगी पडली. मशीनच्या खडखडाटात कुणाला पत्ता नव्हता. अलार्म वाजला तेव्हा धूर नुकता उठत होता. "पानी आना, पानी!" ओरडत बायका धडाधड खाली आल्या. चार गठ्ठे जळले, तेवढंच.

मी भाऊजींना फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. 'मी सांगितलं होतं ना,' असं ते म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "बायका मोजल्यास?"

"मोजल्या. चौदा."

"पुन्हा मोज."

आता त्यांना रेझिस्टरवरचे मापाचे बारीक रंगीत पट्टे दिसत नाहीत. कुणाच्या कामाला निघाले की मला बोलावतात. "पिवळा, जांभळा, लाल," मी शेजारी बसून वाचते. ते मान डोलावतात आणि बोटांनी वायर चाचपत राहतात. आभार मानायचं मनात असतं; पण त्यांचं लक्ष वायरीत असतं, म्हणून मी बॅटरीचा उजेड जरा जवळ धरते.